ऑटोमॅटिक स्पोर्ट्स कारची जागेवरून उचल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या वेगवान गाड्या आता सर्रास दिसतात आणि त्यांतले काही मालक गाडीची खरी ताकद अजमावण्यासाठी धावपट्टीवरील स्पर्धांना उतरू लागले आहेत. पहिल्यांदा उतरणारे चालक मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. प्रत्येक उत्तर बंद, राखलेल्या धावपट्टीसाठी आहे. सार्वजनिक रस्त्याबद्दलचा प्रश्न पुढे स्वतंत्रपणे घेतला आहे आणि तो कृपया वगळू नये.

ऑटोमॅटिक गाडीत दोनच पेडल असतात. मग चालकाच्या हाती उरते तरी काय?

बरेच काही उरते. शून्यापासून पहिले वीस मीटर पार होईपर्यंत इंजिनाची ताकद क्वचितच कमी पडते. तिथे कमी पडते ती टायरची पकड. जोरकस गाडीचे इंजिन पहिल्या गिअरमध्ये टायर सोसू शकेल त्याहून अधिक ओढ चाकांपर्यंत पोहोचवते आणि चाक जागच्या जागी फिरू लागले की वेळ वाया जातो. डांबरावर टायरची सर्वांत चांगली पकड चाक किंचित घसरत असताना, म्हणजे गाडीच्या वेगापेक्षा साधारण दहा ते पंधरा टक्के जास्त फिरत असताना मिळते. त्याहून जास्त घसरले की आवाज आणि धूर वाढतो, वेग वाढत नाही. ब्रेक कधी सोडायचा, पाय किती वेगाने खाली न्यायचा आणि चाक घसरताच किती मागे घ्यायचा, हे सारे चालकाकडेच असते. गिअर बदलण्याचे काम तेवढे यंत्र करते.

गिअरबॉक्स कोणत्या प्रकारचा आहे, हे आधी का पाहायचे?

कारण ‘ऑटोमॅटिक’ या एकाच शब्दाखाली एकमेकांशी फारसे नाते नसलेली यंत्रे येतात आणि एकाला मानवणारी पद्धत दुसऱ्याला मोडून टाकू शकते.

टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल असते. इंजिनाला जोडलेला पंखा तेल फेकतो, त्या तेलाने समोरचा दुसरा पंखा फिरतो आणि दोघांच्या मध्ये बसवलेला स्टेटर परतणाऱ्या तेलाला योग्य दिशा देतो. त्यामुळे गाडी उभी असताना टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, जवळजवळ दुप्पट होऊन पुढे जातो. बीएमडब्ल्यू एम३४०आयमध्ये याच जातीचा आठ गिअरांचा बॉक्स आहे आणि कंपनी शून्य ते १०० साठी ४.४ सेकंद सांगते.

ड्युअल क्लच गाडीत दोन क्लच असतात. एक विषम गिअर सांभाळतो, दुसरा सम. पुढचा गिअर आधीच तयार असल्यामुळे बदल क्षणात होतो. रस्त्यावरच्या गाड्यांत ही रचना फोक्सवॅगनने २००३ मध्ये गोल्फ आर ३२ मध्ये आणली, तर पोर्शेने आपल्या शर्यतीच्या गाड्यांवर ती १९८० च्या दशकातच वापरली होती. तिच्यात पुन्हा दोन प्रकार आहेत. ओला क्लच तेलात बुडालेला असतो आणि उष्णता बऱ्यापैकी सोसतो. कोरडा क्लच हवेवरच थंड होतो, म्हणून तो लवकर तापतो. आपला क्लच ओला आहे की कोरडा, हे गाडी घेतानाच विचारून ठेवावे.

तिसरी रचना काही एएमजी गाड्यांत आढळते. तिथे गिअरबॉक्स नेहमीच्या ऑटोमॅटिकसारखाच असतो, पण कन्व्हर्टरच्या जागी ओला क्लच बसवलेला असतो. अशा गाडीच्या बाबतीत ड्युअल क्लचचे नियम पाळावेत.

एएमटी (साध्या गिअरबॉक्सचे गिअर यंत्राने आपोआप बदलणाऱ्या) आणि सीव्हीटी (ठरावीक गिअरांऐवजी पट्ट्यावर चालणाऱ्या) गाड्यांबद्दलही विचारणा होते. त्या शहरात सोयीच्या आहेत, पण झपाट्याने उचल घेण्यासाठी त्या बनवलेल्या नाहीत. त्यांच्यावर हा प्रयोग करू नये.

टॉर्क कन्व्हर्टरची गाडी जागेवरून नेमकी कशी काढावी?

आधी तयारी करावी. गिअरबॉक्सचे तेल नेहमीच्या तापमानाला आलेले असावे, म्हणजे किमान पंधरा-वीस मिनिटे गाडी चालवलेली असावी. ऑटो होल्ड बंद करावा, नाहीतर ब्रेक सोडल्यावरही तो एक क्षण गाडी धरून ठेवतो. स्टिअरिंग सरळ ठेवावे आणि गाडी शेवटचे दोन-तीन फूट सरळ पुढे आणूनच उभी करावी, कारण पुढची चाके थोडी जरी वळलेली राहिली तरी उचलीच्या वेळी गाडी बाजूला खेचते.

आता डाव्या पायाने ब्रेक घट्ट दाबावा आणि उजव्या पायाने हळूहळू रेस द्यावी. १५०० ते २००० आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांच्या) आसपास गाडी पुढे झेपावण्यासाठी ताण घेते, ड्राइव्ह शाफ्ट (चाकांपर्यंत ओढ नेणारे दांडे) आणि इंजिन माउंटिंग यांतील सैलपणा निघून जातो आणि टर्बो असल्यास त्याचा दाब वाढू लागतो. या टप्प्यावर ब्रेक एकदम, पूर्ण सोडावा. ॲक्सिलरेटर मात्र एकदम दाबू नये. तो साधारण अर्ध्या ते एका सेकंदात तळापर्यंत न्यावा. नवशिके बहुधा याच्या नेमके उलट करतात, म्हणजे ब्रेक हळू सोडतात आणि रेस धाडकन देतात. माझा अनुभव असा की एवढी एक सवय सुधारली की पहिल्याच दिवशी वेळेत फरक दिसतो.

काही नव्या गाड्यांमध्ये दोन्ही पेडल एकाच वेळी दाबली की संगणक इंजिनाची ताकद तोडतो. आपली गाडी त्यांपैकी असेल तर बळजबरी करू नये. ब्रेकवरून पाय उचलून लगेच पण नेटाने रेस देणे हाच तिचा योग्य मार्ग आहे.

ब्रेक आणि रेस एकत्र किती वेळ धरून ठेवता येते?

दोन सेकंद, फार तर तीन. याचे कारण आकड्यांतच पाहावे. समजा, उभ्या गाडीत इंजिन २२०० आरपीएमवर ३०० न्यूटन-मीटर टॉर्क देत आहे. ही सुमारे ६९ किलोवॉट शक्ती झाली. चाके फिरत नसल्यामुळे ती सगळी तेलात उष्णता होऊन उतरते. घरातले दोन किलोवॉटचे तीस-पस्तीस गिझर एकाच वेळी त्या काही लिटर तेलात बुडवावेत, अशी ती अवस्था असते. दहा सेकंद असे धरून ठेवले तर तेलाचे गुणधर्म बिघडू लागतात आणि त्याची किंमत पुढे क्लच प्लेटांना मोजावी लागते. दिवा हिरवा होण्याची वाट पाहत रेस धरून राहू नये. आपली वेळ येण्याच्या क्षणभर आधीच दाब वाढवण्याचा सराव करावा.

लॉन्च कंट्रोल कसे वापरतात?

लॉन्च कंट्रोल म्हणजे उचलीच्या वेळी इंजिन आणि क्लच संगणकाने सांभाळण्याची सोय. प्रत्येक गाडीचे बटण आणि क्रम वेगळा असतो, म्हणून गाडीसोबत मिळालेली पुस्तिका प्रथम वाचावी. गाभा मात्र सगळीकडे सारखाच असतो. स्पोर्ट मोड निवडावा, स्थिरता प्रणाली (चाक घसरताच ताकद कापून गाडी सरळ ठेवणारी) तिच्या स्पोर्ट टप्प्यावर न्यावी, डाव्या पायाने ब्रेक पूर्ण दाबावा आणि उजव्या पायाने ॲक्सिलरेटर तळापर्यंत न्यावा. इंजिन एका ठरावीक आरपीएमवर येऊन स्थिरावते. बीएमडब्ल्यूमध्ये पडद्यावर झेंड्याचे चिन्ह उमटते. यानंतर काही सेकंदांच्या आत ब्रेकवरून पाय बाजूला घ्यावा आणि उजवा पाय तळाशीच राहू द्यावा. क्लच किती घसरू द्यायचा आणि टॉर्क कुठे कापायचा, हे संगणक पाहतो. गिअरही त्यालाच बदलू द्यावेत, स्टिअरिंगमागच्या पॅडलने हाताने गिअर बदलण्याचा मोह टाळावा.

झेंडा उमटलाच नाही, तर बहुतेक वेळा कारण साधे असते: तेल थंड आहे, दार किंवा सीटबेल्ट नीट लागलेला नाही, स्टिअरिंग वळलेले आहे, किंवा क्लच आधीच तापलेला आहे.

लॉन्च कंट्रोल ही लबाडी आहे का?

मला तसे वाटत नाही. फॉर्म्युला वनने १९९४ च्या हंगामासाठी त्यावर बंदी घातली, २००१ मध्ये ते परत येऊ दिले आणि २००४ पासून पुन्हा बंद केले, कारण तिथे चालकाचे कसब पारखायचे होते. आपल्या गाडीच्या बाबतीत ते कारखान्याने गिअरबॉक्सच्या रक्षणासाठी आखून दिलेली मर्यादा ठरते. तरीही प्रत्येकाने आधी दहा-बारा वेळा त्याच्याविना गाडी काढून पाहावी, असे मी आग्रहाने सांगतो. टायर कधी सुटतो हे पायाला कळले नाही, तर ओलसर किंवा धुळीच्या पट्टीवर संगणकाने दिलेला वेळ चांगला की वाईट हे समजणार नाही.

जास्त आरपीएमवर क्लच सोडला तर गाडी आणखी जोरात निघेल का?

ड्युअल क्लचच्या गाड्यांबाबत हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. क्लच घसरत असताना त्यात किती उष्णता निर्माण होते, याचा हिशेब सोपा आहे. इंजिन एकाच आरपीएमवर राहिले, तर क्लच पूर्ण जुळेपर्यंत गाडीला जितकी गतिज ऊर्जा मिळते, तितकीच ऊर्जा क्लचमध्ये उष्णता होऊन जाते. अनेक गाड्यांमध्ये पहिल्या गिअरला १००० आरपीएममागे सुमारे ८ किलोमीटर वेग पडतो. ३००० आरपीएमवर क्लच जुळताना गाडी ताशी २४-२५ किलोमीटरवर असते. १५०० किलोच्या गाडीसाठी ही ऊर्जा सुमारे ३६ किलोज्यूल होते. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे आरपीएम दुप्पट केले की क्लचमधील उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. आणि एवढे करून टायर घसरलाच, तर त्या उष्णतेच्या मोबदल्यात काहीच मिळत नाही.

निसान जीटी-आरच्या सुरुवातीच्या गाड्यांमध्ये स्थिरता प्रणाली बंद करून उंच आरपीएमवर केलेल्या उचलीमुळे गिअरबॉक्स निकामी झाल्याच्या तक्रारी गाजल्या होत्या. त्यानंतर कंपनीने संगणकातील आज्ञावली बदलून उचल कमी आरपीएमवर आणली.

माझा स्वतःचा धडा याहून साधा आहे. कोरड्या क्लचच्या माझ्या गाडीने एका धावपट्टीवर मी पाठोपाठ तीन वेळा उचल घेतली. तिसऱ्या वेळी केबिनमध्ये जळका वास आला, पडद्यावर गिअरबॉक्स तापल्याची सूचना उमटली आणि गाडीने ताकद रोखून धरली. चूक पूर्णपणे माझी होती. त्या दिवशी उरलेला वेळ मी कडेला उभा राहून इतरांच्या वेळा टिपल्या, आणि त्या वहीतून जे शिकलो ते आजही उपयोगी पडते.

माझ्या फ्रंट व्हील ड्राइव्ह (पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या) गाडीत २४५ पीएस (अश्वशक्ती) आहेत, तरी वेळ सहा सेकंदांच्या खाली का येत नाही?

गाडी पुढे झेपावते तेव्हा तिचे वजन मागच्या चाकांवर सरकते. ज्या चाकांनी ओढायचे, नेमकी तीच हलकी होतात. समजा, उभ्या गाडीचे ६० टक्के वजन पुढे आहे, गाडीचा गुरुत्वमध्य चाकांमधील अंतराच्या एक-पंचमांश उंचीवर आहे आणि टायरची पकड एक आहे, म्हणजे टायरवर जेवढे वजन तेवढाच जोर तो लावू शकतो. अशा गाडीचे प्रवेगमान गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्याहून पुढे जाऊ शकत नाही आणि पूर्ण वेळ पकडीच्या टोकावर राहिली तरी ती ताशी १०० किलोमीटर गाठायला सुमारे ५.७ सेकंद घेते. वजन निम्मे-निम्मे असलेल्या रिअर व्हील ड्राइव्ह गाडीला तोच हिशेब साडेचार सेकंदांवर नेतो, आणि चारही चाकांनी ओढणाऱ्या गाडीला २.८ सेकंदांवर. इंजिन कितीही मोठे असले तरी साध्या टायरवर ही भिंत ओलांडता येत नाही.

भारतात आलेल्या गोल्फ जीटीआयसाठी कंपनी ५.९ सेकंद सांगते, हे लक्षात घेतले तर कारखान्याने त्या भिंतीच्या किती जवळ गाडी नेऊन ठेवली आहे ते कळेल. म्हणून अशा गाडीच्या मालकांनी आणखी ताकद वाढवण्यासाठी पैसे खर्च करण्याआधी पुढचे दोन टायर चांगले घ्यावेत. चाके उड्या मारू लागली आणि पुढून धडधड जाणवली, तर पाय त्याच क्षणी उचलावा. ड्राइव्ह शाफ्ट बहुधा याच धडधडीत तुटतात.

ट्रॅक्शन कंट्रोल पूर्ण बंद करावे का?

नाही. स्पोर्ट टप्पा पुरेसा आहे. पूर्ण चालू असताना प्रणाली थोडी घसरण दिसताच ताकद फार कापते आणि गाडी अडखळते. पूर्ण बंद केल्यास सारा भार पायावर येतो, आणि सरळ रेषेतून गाडी बाजूला गेल्यास सावरणारे काही उरत नाही.

टायरमध्ये हवा किती ठेवावी?

चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला आकडा हा पाया मानावा आणि हवा टायर थंड असतानाच मोजावी. पेट्रोल पंपावर पोहोचेपर्यंत टायर तापतात आणि माप चुकते, म्हणून स्वतःचा गेज जवळ ठेवावा. ओढणाऱ्या चाकांत दोन-तीन पीएसआय कमी केल्यास थोडा फायदा होऊ शकतो. त्याहून कमी करू नये आणि घरी परतण्याआधी हवा पुन्हा भरून घ्यावी.

सुरुवातीच्या रेषेजवळ पाणी टाकलेले असेल, तर साध्या टायरच्या गाडीने ते टाळून बाजूने जावे. ते पाणी गुळगुळीत स्लिक टायरसाठी असते. आपल्या टायरच्या खाचा ते धरून ठेवतात आणि रेषेपर्यंत घेऊन येतात.

न्यूट्रलमध्ये रेस देऊन एकदम ‘डी’ टाकला तर?

कदापि करू नये. फिरत्या इंजिनाचा सगळा धक्का एका क्षणात गिअरबॉक्सच्या आतील क्लच प्लेटांवर आणि शाफ्टवर बसतो. वेळही यातून सुधारत नाही.

पुण्याच्या हवेचा परिणाम होतो का?

होतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचावर आहे आणि एवढ्या उंचीवर हवेची घनता मुंबईच्या किनाऱ्यापेक्षा सुमारे पाच टक्के कमी असते. एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा चाळिशीला टेकला, की १५ अंशांच्या हवेच्या तुलनेत आणखी आठ टक्के घट होते. टर्बो नसलेले इंजिन जवळजवळ तेवढीच ताकद गमावते. टर्बो हवा दाबून भरत असल्यामुळे त्याचे नुकसान कमी होते, पण ती दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर तापला की टर्बोचे इंजिनही मंदावते. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी, पट्टीवरचा दव पूर्ण सुकल्यावर आणि ऊन चढण्याआधी, जो तास-दीड तास मिळतो तो आपल्याकडे सर्वांत चांगला.

पेट्रोलच्या बाबतीत टाकीच्या झाकणाआड लिहिलेला किमान ऑक्टेन पाळावा. इंजिन ९५ ऑक्टेनसाठी जुळवलेले असेल, तर तेच भरावे. कमी ऑक्टेनवर नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून होणारी ठकठक) टाळण्यासाठी संगणक ठिणगी उशिरा पाडतो, ताकद घटते आणि उन्हाळ्यात हा फरक चांगलाच जाणवतो.

कंपनीने सांगितलेला वेळ मला का मिळत नाही?

काही अंशी कारण मोजणीत आहे. अमेरिकेतील अनेक चाचण्यांमध्ये गाडी एक फूट, म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटर, सरकल्यावर घड्याळ सुरू होते. निम्म्या गुरुत्वाच्या प्रवेगाने तेवढे अंतर कापायला ०.३५ सेकंद लागतो, आणि तो वेळ धरलाच जात नाही. दोन आकड्यांची तुलना करताना ही पद्धत आधी विचारावी.

स्पीडोमीटर आणि मनगटावरचे घड्याळ यांवर विसंबू नये. स्पीडोमीटर मुद्दामच खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्त दाखवतो. सेकंदाला दहा वेळा नोंद घेणारे जीपीएस यंत्र पुरेसे अचूक असते. दोन्ही दिशांना धाव घेऊन सरासरी काढावी, कारण नजरेला सपाट दिसणाऱ्या पट्टीलाही उतार असतो. आणि शून्य ते १०० पेक्षा पहिल्या ६० फुटांचा, म्हणजे १८.३ मीटरचा वेळ आधी पाहावा. चालकाचे कसब त्याच आकड्यात दिसते.

एसी बंद करणे, डिकी रिकामी करणे यांचा उपयोग होतो का?

डिकीचा होतो. १५०० किलोच्या गाडीत ७५ किलो म्हणजे पाच टक्के. एसीचा कॉम्प्रेसर बहुतेक नव्या गाड्या पूर्ण रेस दिल्यावर स्वतःच तोडतात, तरी रांगेत उभे असताना तो बंद ठेवलेला बरा.

सराव रस्त्यावर, पहाटे रिकाम्या वेळी केला तर चालेल का?

चालणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार सार्वजनिक ठिकाणी सरकारच्या लेखी संमतीविना वाहनांमधील शर्यत किंवा वेगाची चाचणी करणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. शेजारी दुसरी गाडी नसली, तरी वेगमर्यादा ओलांडणे आणि धोकादायक पद्धतीने गाडी चालवणे हे स्वतंत्र गुन्हे आहेतच.

पण कायद्याच्या आधी मला दुसरे काही सांगायचे आहे. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरमध्ये मध्यरात्रीनंतर भरधाव पोर्शेच्या धडकेत दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. या शहरात रिकामा रस्ता नसतो. पहाटे बाणेर रस्त्यावर दूधवाला असतो, पाषाणला फिरायला निघालेले आजोबा असतात, नगर रस्त्यावर रात्रपाळी संपवून घरी जाणारी माणसे असतात. असा सराव करणाऱ्या कोणालाही मी एक शब्दही शिकवत नाही.

मग सराव करायचा कुठे?

लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग स्पर्धा भरत आल्या आहेत आणि पुणेकरांना ते ठिकाण जवळचे आहे. याशिवाय चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई, कोइम्बतूरचा कारी आणि ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट या शर्यतीच्या ट्रॅकवर मालकांसाठी ट्रॅकचे दिवस होतात. नोंदणी करताना एफएमएससीआय या देशातील मोटार क्रीडांच्या नियामक संस्थेची परवानगी, रुग्णवाहिका आणि अग्निशमन व्यवस्था आहे का, हे विचारावे. हेल्मेट स्वतःचे न्यावे.

विमा आणि वॉरंटीचे काय?

आपल्याकडील नेहमीच्या वाहन विम्यात संघटित शर्यत आणि वेगाची चाचणी हे वापर वगळलेले असतात. म्हणजे धावपट्टीवर झालेले नुकसान बहुधा स्वतःच्या खिशातूनच भरावे लागते, हे धरूनच उतरावे. वॉरंटीचे पुस्तक ओळ न ओळ वाचावे. लॉन्च कंट्रोल किती वेळा वापरले याची नोंद काही गाड्यांचा संगणक ठेवतो, आणि इंजिनाचा मॅप (त्याच्या संगणकातील आज्ञावली) बदललेला असेल तर सर्व्हिस सेंटरमध्ये तेही दिसते.

एका दिवसात किती वेळा उचल घ्यावी, आणि दोन धावांमध्ये काय करावे?

कोरड्या क्लचसाठी मी दिवसाला चार-पाच धावांची मर्यादा सांगतो, ओल्या क्लचसाठी आणि कन्व्हर्टरसाठी आठ-दहा. पुस्तिकेत याहून कमी लिहिले असेल तर तेच मानावे. बीएमडब्ल्यू एका लॉन्चनंतर सुमारे पाच मिनिटे गिअरबॉक्स थंड होऊ देण्यास सांगते. माझ्या मते पंधरा मिनिटे थांबावे.

धाव संपल्यावर गाडी लगेच बंद करू नये. परतीच्या मार्गावर ती तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये सावकाश, पण न थांबता चालवावी, म्हणजे रेडिएटरला आणि तेलाच्या कूलरला वारा मिळतो. रांगेत लागल्यावर ड्युअल क्लचची गाडी इंच-इंच पुढे सरकवू नये, कारण हिंजवडीच्या संध्याकाळच्या कोंडीत जे होते तेच इथे होते: क्लच अर्धवट लागून तापत राहतो. पुढे दोन गाड्यांएवढी जागा होऊ द्यावी, मग एकदाच गाडी पुढे घ्यावी आणि ‘पी’मध्ये टाकून उभी करावी. बॉनेट उघडावे, टायरची हवा पुन्हा मोजावी आणि झालेल्या धावेचा ६० फुटांचा वेळ, आरपीएम, हवेचे तापमान आणि टायरचा दाब वहीत लिहून ठेवावा. पुढच्या धावेत यांपैकी एकच गोष्ट बदलावी.